तीन नंबरचा जीव

बालवाडीत तीस वर्षं पोरांची नाकं पुसून मी निवृत्त झाले, तेव्हा पुढं काय करायचं याचा मी फारसा विचार केला नव्हता. निवांत बसायचं, एवढंच ठरवलं होतं. बसायला मिळालं, पण ते सांगलीतल्या एका डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, जवळजवळ तीन वर्षं. त्या बाकड्याची मधली फळी खिळखिळी होती. बसताना ती साडीत अडकायची आणि उठताना मी तिला शिव्या द्यायची.

माझे यजमान ट्रक ड्रायव्हर. तासगावात बेदाणा भरायचा आणि मुंबईच्या बाजारात नेऊन उतरवायचा, हे त्यांनी उभा जन्म केलं. गाडीवर असताना जेवणाची वेळ नाही, झोपेची नाही, त्यात साखर वाढलेली आणि औषधाच्या गोळ्या गाडीच्या कप्प्यात तशाच पडलेल्या. शेवटी दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, चार-चार तास, आणि चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात पाणी मोजायला सुरुवात झाली. दिवसभराचं पाणी मी सकाळीच एका तांब्यात भरून ठेवायची आणि त्याच्यावर नजर ठेवून वावरायची. तहानलेल्या माणसाच्या हातातून भांडं काढून घ्यायचं काम कुणी एकदा करून बघावं. मी पहिल्या सहा महिन्यांतच दमले, आणि त्यानंतर जी काय वर्षं काढली ती दमलेल्या अंगानंच काढली. उगीच खोटं कशाला बोलू?

त्यात यांचं ते मशीनचं प्रकरण.

गाडीला जीव असतो, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी टायरवर पाय देऊन केबिनमध्ये चढले म्हणून रागावले होते. सकाळी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय ते चावी फिरवायचे नाहीत. घाटात गाडी कण्हायला लागली की तिची समजूत काढायचे. पुढं मालकानं जुनी गाडी भंगारात काढली आणि नवी घेतली, तेव्हा यांनी एक नारळ घेतला, तो जुन्या गाडीवरून ओवाळला आणि मांडीवर धरून नव्या गाडीपर्यंत आणला. वाटेत कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. नव्या गाडीपुढं नारळ फोडला आणि मग म्हणाले, आता ती इकडं आली. मी तेव्हा हसले होते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणजे पुस्तकाला पाय लागला तर मी नमस्कार करते, केरसुणी उभी ठेवत नाही, पण ते वेगळं. ती सवय.

डायलिसिस सेंटर म्हणजे एक लांब खोली. आठ खुर्च्या, त्यांच्याशेजारी आठ मशीन, प्रत्येकीवर नंबर चिकटवलेला. दाराला काच होती. पेशंटबरोबर आलेल्या माणसांनी काचेच्या अलीकडं थांबायचं. आत एक टेक्निशियन मुलगी होती, मिरजेच्या मुस्लिम घरातली, तिशीच्या आसपासची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. ती मला काकू म्हणायची आणि कधीमधी तिच्या डब्यातली निम्मी पोळी मला आणून द्यायची. सुई टोचायचा हात हलका होता तिचा. त्या तीन वर्षांत माझ्याशी नीट बोललं असं कोण होतं म्हणाल, तर ती.

हे पहिल्या दिवसापासून तीन नंबरवर बसले आणि महिनाभरात त्यांचं आणि तीन नंबरचं जमलं. बसण्याआधी ते तिच्या अंगाला हात लावायचे आणि तो कपाळाला लावायचे. खिशातल्या पुडीतून चिमूटभर साखर काढून तिच्या पायाशी ठेवायचे. मुंग्या होतील म्हणून सिस्टर ती नंतर पुसून घ्यायची, पण यांच्यासमोर कधी नाही. मशीन मधूनच किंचाळते, नळीत काही अडलं किंवा रक्तदाब उतरला की. बाकीचे पेशंट दचकायचे. हे म्हणायचे, तिला माझी काळजी वाटते म्हणून ओरडते.

एकदा बसमध्ये मी त्यांना जरा टोचूनच बोलले, की शहाण्या माणसानं लोखंडाच्या पेटीला साखर घालावी, लाज नाही वाटत? त्यावर हे खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाले, "आगं, माझं सगळं रगत तिच्या पोटातनं फिरून येतंय. चार तास मी निम्मा खुर्चीत आन् निम्मा तिच्यात आसतोय. मग तिला जीव न्हाई म्हणू कसं?"

मग मी डबा उघडून त्यांच्या हातात भाकरी दिली आणि विषय संपवला.

बरं, हे एकटेच असे होते असंही नाही. सगळी खोलीच तशी. पाच नंबरची मशीन वाईट, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. पाचवर बसून घरी गेलेले दोघं जण एकाच महिन्यात वारले होते. त्या दोघांची तब्येत आधीपासूनच हाताबाहेर गेली होती, हे डॉक्टरांनी दहा वेळा समजावलं, पण पाच नंबर वाट्याला येणार असं दिसलं की माणसं बस चुकली म्हणून सांगायची. आष्ट्याच्या एक बाई होत्या. रक्त गाळायची नळकांडी धुवून पुन्हा वापरतात, ज्याची त्याला, वर नाव लिहून फळीवर ठेवलेली असतात. या बाई दर वेळी आल्या की आधी बघायच्या, आपलं नळकांडं दुसऱ्या कुणाच्या नळकांड्याला चिकटून तर नाही ना ठेवलं. चिकटलं तर त्याचं दुखणं माझ्यात येईल म्हणायच्या. दसऱ्याला आठही मशीनना झेंडूचे हार घातले जायचे, आणि ते हार सिस्टर स्वतः मिरजेहून घेऊन यायची. मी तिला विचारलं, तुमच्यात चालतं का हे? ती म्हणाली, आमच्यात वस्तूला रूह नसते, पण पेशंट खूश असला की बीपी बरं राहतं. मला तिचं ते उत्तर फार आवडलं. शहाणी पोर.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका मंगळवारी आम्ही गेलो, तर तीन नंबर जागेवर नव्हती. ती बाहेरच्या बोळात उभी केलेली होती, अंगावर प्लास्टिक टाकलेलं, वायरी गुंडाळून तिच्याच पाठीला बांधलेल्या. आतली कुठली तरी मोटर गेली होती आणि दुरुस्तीला अर्थ नाही असं ठरलं होतं. शनिवारी कंपनीची माणसं येऊन ती घेऊन जाणार होती. तिच्या जागी कोरी मशीन आली होती आणि तिच्यावरही तीन नंबरच चिकटवला होता. सिस्टरनं यांना कौतुकानं सांगितलं, काका, तुम्हालाच पहिला मान. हे नव्या मशीनकडं बघत राहिले. मग बोळात आले, प्लास्टिक थोडं वर केलं आणि जुन्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले. पाटी तीच लावली म्हणून माणूस तोच होतो का, असं काहीतरी पुटपुटले. आणि सरळ पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.

मी मागं धावले. हाताला धरलं, रागावले, हात जोडले. रस्त्यातली माणसं बघत होती. हे म्हणाले, अनोळखी मशीनच्या हातात मी माझं रगत देणार नाही. ती परत देईल कशावरून? साठीतला माणूस, डोळ्यांत पाणी. मला वाटलं तिथंच त्या फुटपाथवर बसकण मारावी आणि म्हणावं, जा बाबा, तुझं तू बघ.

डायलिसिस न घेताच आम्ही तासगावला परत आलो. बुधवारी यांचे पाय सुजले. गुरुवारी तोंडही सुजलं आणि आडवं झालं की जीव घुसमटायला लागला, म्हणून दिवसभर भिंतीला टेकून बसून होते. सिस्टरचा फोन आला. पाणी फुप्फुसात चढायला लागलंय काकू, शुक्रवार चुकवू नका, असं तिनं सांगितलं. चुकला तर काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी शिरवळला असते, जावई तिथल्या कारखान्यात. तिला फोन केला तर ती रडायला लागली आणि म्हणाली, बाबांना उचलून न्या. अगं, उचलून नेऊन खुर्चीत घालता येतं, पण हात पुढं केल्याशिवाय सुई कशी टोचणार? आणि जबरदस्तीनं टोचली आणि यांनी उपटून काढली तर?

एका गोष्टीची कबुली इथंच देऊन टाकते. त्या गुरुवारी दुपारी यांचा श्वास ऐकत मी स्वयंपाकघरात बसले होते, आणि माझ्या मनात येऊन गेलं, की नाही म्हणतायत तर नाही, सुटतील बिचारे. आणि बिचारे म्हणताना मी त्यांच्यापेक्षा माझाच विचार करत होते. मंगळवार-शुक्रवार नाही, तांब्या नाही, बाकडं नाही. तेवढ्यात हे आतून खोकले आणि मी ताडकन उठले. चहाचं आधण उगीचच ठेवलं, यांना चहा चालत नसताना.

चहा उकळून आटला तरी मी तिथंच उभी होते. आणि मग मला ती गाडी बदलतानाची गोष्ट आठवली. बाहेर आले आणि यांना म्हटलं, तुम्ही गाडी जशी नवीत आणली, तशी आपण हिलाही आणू. जुनीतून काढायची आणि नवीत घालायची. तुला येतं का, यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या आजीचा भाऊ देवीचा गुरव होता, देऊळ नवं बांधलं तेव्हा देवी हलवताना मी लहानपणी सगळं बघितलंय. आजीला भाऊ नव्हता. पण माझ्या तोंडावरची माशी हलली नाही. बालवाडीत तीस वर्षं वाघोबाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या तेव्हा कामाला आल्या.

शुक्रवारी सकाळी रिक्षानं गेलो, कारण यांना बसमध्ये चढणं शक्य नव्हतं. वाटेत नारळ घेतला. सिस्टरला मी आधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती हसली नाही. फक्त तिच्या अटी सांगितल्या. आत उदबत्ती नाही, कापूर नाही, कारण ऑक्सिजन आहे. घरचं पाणी आत आणायचं नाही. नारळाची शेंडी आत नको, आणि नारळ स्पिरिटनं पुसून घ्यायचा. विधीच्या तांब्याऐवजी तिनं सलाइनची सीलबंद बाटली दिली. तर तो आमचा विधी असा, स्पिरिटचा वास येणारा बोडका नारळ आणि सलाइनची बाटली. आज लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं.

बोळात जुन्या मशीनवरचं प्लास्टिक काढलं. हे खुर्चीवर बसून बघत होते, धापा टाकत. मी डोळे मिटले, नारळ तिच्यावरून फिरवायला लागले आणि मग लक्षात आलं की तोंडानं काही म्हणायला पाहिजे. मला मंत्र कुठला येतो? देवाचं काही खोटं म्हणायला जीभ उचलेना. शेवटी ओठातल्या ओठात एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. लहानपणी छडी खाऊन पाठ केलेला, त्यामुळं न अडखळता आला. दहापर्यंत म्हटला, नारळ छातीशी धरला आणि कुणाशी न बोलता दारातून आत गेले. खोलीतले सगळे पेशंट मान वळवून बघत होते. आष्ट्याच्या बाईंनी तर नळ्या लावलेल्या हातासकट नमस्कार केला. मी नव्या मशीनला नारळ टेकवला, पाढा पुन्हा म्हटला, आणि वळून यांना म्हटलं, आली.

हे उठले. भिंत धरत धरत आत आले. नव्या मशीनच्या अंगावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी हात पुढं केला. सिस्टरनं सुई लावली आणि काचेतून माझ्याकडं बघून मान हलवली. मी बाकड्यावर येऊन बसले आणि पदर तोंडात धरून रडले. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही. चार तासांनी यांचा श्वास सुरळीत झाला आणि घरी जाताना त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर माझ्या मागं एक नवंच लचांड लागलं. आष्ट्याच्या बाई म्हणाल्या, पाच नंबरमधलं जे काय असेल ते तुम्ही काढून बाहेर सोडा. मी गुडघे दुखतात म्हणून टाळलं. यांची मात्र भीड चेपली. नव्या मशीनला ते आता नुसता नमस्कार करून थांबायचे नाहीत, तिच्याशी बोलायला लागले. काचेतून मला दिसायचं. मान तिच्याकडं वळवलेली, ओठ हलतायत. तासन् तास. सिस्टरला मी विचारलं काय बोलतात, तर म्हणाली, मी ऐकत नाही काकू, ते सुरू झाले की मी मोबाइलवर गाणी लावते.

आणि घरी? घरी तोंड शिवलेलं. बसमध्ये मुकाट, जेवताना मुकाट. औषध घेतलं का, व्हय. पाय दुखतायत का, न्हाई. कधी सकाळी उठून माझ्याकडं बघून दोन शब्द बोलले असतील तर शपथ. मी तांब्या मोजणारी, मी गोळ्या देणारी, मी बाकड्यावर कुल्ले झिजवणारी, आणि गुजगोष्टी मात्र मशीनशी. मला राग यायचा, आणि राग येतो याची लाज वाटायची. बाईनं बाईवर जळावं हे समजण्यासारखं आहे. मी पंपावर आणि नळ्यांवर जळत होते, आणि त्यात जीव आहे असं मीच त्यांना पटवलेलं होतं. दहा महिने हे असंच चाललं.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता, दसरा पुढच्या आठवड्यात. डायलिसिस आटपून आम्ही सांगलीच्या स्टँडवर उभे होतो. तासगावची गाडी रद्द झाली होती, पुढची कधी ते कुणी सांगत नव्हतं, आणि ऊन असं की डोकं भणभणत होतं. मी सकाळपासून नुसत्या चहावर होते. हे शेडच्या खांबाला टेकले होते. त्या दिवशी ते आपणहून माझ्याशी बोलले, खूप दिवसांनी. म्हणाले, दसऱ्याला तिची ओटी भरायची. चांगला खण आण, हलका नको, हिरवा आण, आणि तांदूळ-नारळ घेऊन तू आत जा, सिस्टरला मी विचारलंय.

माझी ओटी गेल्या कित्येक वर्षांत कुणी भरली नव्हती. माझ्या अंगावरची साडी कुठली आहे, हे यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि मशीनला हिरवा खण. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

मी म्हटलं, "आवं, कसली ओटी आणि कसलं काय. त्यात जीव-बिव काही न्हाई. मी तुम्हाला फसवलं. नारळ फिरवताना माझ्या तोंडात एकोणतीसचा पाढा होता."

बोलून गेले आणि मला कळलं की मी काय केलं. पण शब्द बाहेर पडले होते. यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेजारी कुणीतरी गाडी लागली म्हणून ओरडत पळालं. हे अगदी हळू म्हणाले, "मग इतकं दिस मी कुणाशी बोलत हुतो?"

बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली नाही. घरी आल्यावर जेवले, गोळ्या घेतल्या, पडून राहिले. शनिवारी मी म्हटलं, मी रागात काहीही बोलले, पाढा-बिढा काही नव्हता, सगळं नीट केलं होतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. रविवारी मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, कशाला सांगितलंस गं. आता यावर मी काय उत्तर द्यायचं? दमलेली होते म्हणून सांगितलं. ऊन होतं म्हणून सांगितलं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणून सांगितलं. सोमवारी मी दिवसभर यांचे पाय दाबून बघत होते, सूज आली का. मंगळवारी हे उठणार का नाही, हात पुढं करणार का नाही, एवढंच डोक्यात. आणि नाही केला, तर तो मी मारलेला माणूस असणार होता. गेल्या वेळी दुपारी स्वयंपाकघरात मनात आलं होतं ते नुसतं मनात आलं होतं. या वेळी मी हातानं केलं होतं.

मंगळवारी सकाळी मी त्यांना उठवायला गेले तर हे अंघोळ करून, कपडे घालून बसले होते. सहाच्या गाडीनं निघालो. खिशात साखरेची पुडी नव्हती, ती देव्हाऱ्याशेजारी तशीच राहिली होती. सेंटरवर वजन केलं, खुर्चीत बसले. मी काचेला नाक लावून उभी होते. त्यांनी मशीनला हात लावला नाही, कपाळाला नेला नाही. हात पुढं केला तो एखाद्यानं खिडकीतून तिकिटाला हात घालावा तसा. सिस्टरनं सुया लावल्या. मशीन सुरू झाली, नळीतून लाल रेघ सरकली. हे छताकडं बघत पडून राहिले. सुटले बाई, म्हणत मी बाकड्यावर येऊन टेकले. बसले एकदाचे, हात पुढं केला, जगले. मला तेवढंच पाहिजे होतं.

पाचच मिनिटांत सिस्टर दार उघडून बाहेर आली. म्हणाली, काका तुम्हाला आत बोलावतायत. नियमात बसत नाही, डॉक्टर राउंडला आले तर मी बघून घेते, पण या. चप्पल काढून, तोंडाला मास्क लावून मी आत गेले. तीन वर्षांत मी त्या खोलीत दुसऱ्यांदा पाऊल टाकत होते. आत थंडी होती. सिस्टरनं एक स्टूल आणून खुर्चीपासून हातभर अंतरावर ठेवलं आणि ती पलीकडं निघून गेली. या वेळी तिनं गाणी लावली नाहीत.

मला वाटलं तहान लागली असेल, किंवा पांघरूण पाहिजे असेल. विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले. मशीनचा पंप फिरत होता, आणि इतक्या जवळून मला पहिल्यांदाच दिसलं, की नळी सुटून येऊ नये म्हणून हे हाताची मूठ केवढी घट्ट आवळून ठेवतात. नखं तळव्यात रुतलेली. चार तास तशीच ठेवत असणार. मी हे कधी बघितलं नव्हतं, कारण काचेतून नुसती वळलेली मान आणि हलणारे ओठ दिसायचे.

मग छताकडं बघतच ते म्हणाले, "मला लय भ्या वाटतंय. पैल्या दिसापासनं. रगत भाईर गेलं की वाटतंय आता काय परत येत न्हाई. तुला कसं सांगायचं, तू आधीच दमलीयास. म्हणून तिला सांगायचो."

मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. सांगू का, असं विचारत होते, आणि समोर चार तास होते.

मी तेव्हा मनातल्या मनात नाही म्हटलं, हे मी लपवत नाही. सांगली-तासगाव, पाणी, गोळ्या, यांची साखर, माझे गुडघे, एवढं सगळं करून वर ही भीतीही मीच घ्यायची, असं वाटलं. नको होती मला. ती मशीनकडं होती तेच बरं होतं.

मी स्टूल पुढं ओढलं, त्यांची आवळलेली मूठ एकेक बोट करून उघडली आणि म्हटलं, सांगा.